एल्कची रेकी आणि नकाशावरचा एक कोपरा

सप्टेंबर लागता लागता अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्कच्या धनुष्यबाणाच्या हंगामाला तोंड फुटते. काही राज्यांत तर ऑगस्टच्या उत्तरार्धातच. कधी न पाहिलेल्या रानात उतरणारा शिकारी त्याआधी कित्येक महिने फोनवर नकाशा उघडून बसलेला असतो. जनावर कुठे असेल हा प्रश्न नंतरचा. आधी तो नकाशावरचे रंग पाहतो: सरकारी जमीन कुठवर, खाजगी कुठून, आणि मध्ये पाऊल ठेवायला वाट आहे की नाही. रेकीचा क्रम असा उलटा का झाला, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

नावाचा गुंता आधी सोडवू. युरोपात एल्क म्हणजे मूस हे वेगळेच मोठे हरीण. अमेरिकेत आलेल्या वसाहतवाल्यांनी तेच नाव तिथल्या वापिती या मोठ्या हरणाला चिकटवले आणि सिलोनमधल्या ब्रिटिश शिकाऱ्यांनी सांबराला. जुन्या शिकारवर्णनांत सिलोनचा एल्क भेटला तर तो आपला सांबर समजावा. इथे विषय वापितीचा.

युरोपीय येण्यापूर्वी उत्तर अमेरिकेत हे जनावर कोटीच्या घरात होते असा अंदाज आहे. विसावे शतक उजाडले तेव्हा ते 1 लाखाच्या खाली आले होते. मांस, कातडे आणि दागिन्यात जडवायचे वरचे दोन सुळे यांपायी कळपच्या कळप संपले. पुढे बंदी, राखीव क्षेत्रे आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून इतर राज्यांत नेऊन सोडलेले कळप यांमुळे संख्या सावरली. आज ती 10 लाखांच्या आसपास आहे, सर्वाधिक कोलोरॅडोत. धनुष्यबाणाचे स्वतंत्र हंगाम मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर रुजले. 1969 मध्ये कप्पीवाल्या धनुष्याचे पेटंट निघाले आणि नंतरच्या काळात हौशी तिरंदाजांची संख्या वाढत गेली.

हंगामाची सुरुवात म्हणजे माजाच्या आधीचे दिवस. ऑगस्टमध्ये नरांच्या शिंगांवरची मखमली कातडी गळते. त्या सुमारास ते माद्यांपासून दूर, चार-पाचांच्या टोळक्याने, वृक्षरेषेलगतच्या कुरणांवर असतात. मग टोळकी फुटतात आणि नर माद्यांच्या मागावर निघतात. अनोळखी रानात फसगत होते ती इथे. ऑगस्टमध्ये दुर्बिणीत नीट टिपलेला नर सप्टेंबरच्या मध्याला त्या दांडावर असेलच असे नाही. म्हणून जाणते लोक माद्यांच्या चराईच्या जागा आधी हेरून ठेवतात. माज चढला की नर आपसूक तिथे येतात आणि त्यांची शिट्टीसारखी लांब आरोळी दरीभर घुमू लागते.

उरलेले काम उन्हाचे आणि वाऱ्याचे. दिवस अजून तापलेले असतात, त्यामुळे एल्क उत्तरेकडच्या उतारावरच्या गर्द सूचिपर्णी झाडीत बसून राहतात, पाण्याजवळ, चिखलात लोळायच्या डबक्यांजवळ. पहाटे थंड हवा दरीत उतरत असते, ऊन चढले की तीच हवा वर वाहू लागते. सकाळी खालून वर जाणाऱ्याचा वास जनावराला लागत नाही. दहा वाजता त्याच वाटेने गेला तर त्याच्या आधी त्याचा वास पोचतो. शिवाय उन्हात मांस लवकर नासते. एका मोठ्या नराचे हाडाविना मांसच 80 ते 100 किलो भरते. रस्त्यापासून 8 किलोमीटर आत एकट्याने नर पाडणे म्हणजे पाठीवर तीन-चार खेपा, म्हणून परतीची वाटही रेकीतच ठरवावी लागते.

हे सगळे ज्ञान जुने आहे. बदलला तो नकाशा. मे 2000 मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सुमारे 100 मीटरची अनिश्चितता काही मीटरवर आली. 2005 पासून उपग्रहाची चित्रे घरबसल्या पाहता येऊ लागली. काही वर्षांत जमिनीच्या मालकीचे थरही फोनवर उमटले. त्याआधी जमिनीचा कोपरा दाखवणारी सर्वेक्षणाची पितळी खूण रानात शोधून काढणे हे चिकाटीचे काम होते. आता जमिनीचा कोपरा कुणालाही सापडू लागला, आणि त्या कोपऱ्यावरून मोठा खटला उभा राहिला.

मूळ आहे 1862 सालात. पॅसिफिककडे रेल्वे नेणाऱ्या कंपन्यांना सरकारने मार्गाच्या दोन्ही बाजूंना जमीन दिली, पण सलग नाही. एक मैल बाजूचे, 640 एकरांचे चौकोन. विषम क्रमांकाचे रेल्वेला, सम क्रमांकाचे सरकारकडे. बुद्धिबळाचा पटच. रेल्वेचे चौकोन पुढे पशुपालकांना विकले गेले. दोन सरकारी चौकोन एकमेकांना फक्त एका बिंदूत भिडतात, आणि त्या बिंदूवरून पलीकडे जाताना माणसाचा खांदा खाजगी जमिनीच्या वरच्या हवेतून जातो. एवढ्याने अतिक्रमण होते का? एका नकाशा कंपनीच्या हिशोबाने पश्चिमेत अशी कोपऱ्याने अडलेली सरकारी जमीन सुमारे 83 लाख एकर आहे.

2020 मध्ये मिसूरीतले काही शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर आले. कोपऱ्यावर लगतच्या खाजगी जमिनीच्या मालकाने दोन लोखंडी खांब ठोकून मध्ये साखळी लावली होती. त्यांनी खांब धरून पलीकडे पाय टाकला. 2021 मध्ये ते पुन्हा आले तेव्हा सोबत घडीची लोखंडी शिडी होती, म्हणजे खांबालाही हात लागायला नको. तरी फौजदारी गुन्हा दाखल झाला. 2022 मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. मालकाने दिवाणी दावा लावला, जमिनीची किंमत 70 लाख डॉलरहून अधिक घटेल असे सांगितले. शिकाऱ्यांनी फोनच्या नकाशावर टाकलेल्या खुणासुद्धा त्या दाव्यात पोचल्या.

मालकपक्षाला 1979 च्या एका सर्वोच्च न्यायालयीन निकालाचा आधार होता: या पटावर रस्ता बांधण्याचा सरकारला गृहीत हक्क नाही. तो निकाल रस्त्याचा होता, पावलाचा नव्हता, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. 2023 मध्ये जिल्हा न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. राज्याच्या कायद्याने हे अतिक्रमण ठरले असते, पण सरकारी जमिनीला वेढा घालण्यास मनाई करणारा 1885 चा केंद्रीय कायदा वरचढ आहे, असे त्याने म्हटले. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. बांधावरून पिढ्यान्पिढ्या चाललेले कोर्टकज्जे पाहिलेल्या मराठी वाचकाला या निकालाचे मोल वेगळे सांगायला नको. मालकांची तक्रारही पोकळ नाही. गर्दी वाढली की कुंपणे मोडतात. पण जी जमीन सगळ्यांची, तिच्यावर एकट्याने शिकार करण्याचा हक्क कोपऱ्यातून विकत मिळू नये.

हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांना बांधतो. मोंटाना आणि आयडाहो दुसऱ्या अपील न्यायालयाखाली येतात. दरम्यान इतर दारे अरुंद झाली आहेत. ॲरिझोनाने जानेवारी 2022 पासून शिकारीसाठी पाणवठ्यांवर आणि वाटांवर कॅमेरे लावणे बंद केले. कोलोरॅडोत महामार्ग 25 च्या पश्चिमेला बाहेरच्या राज्यातल्या तिरंदाजाला दुकानात जाऊन परवाना घेता येई. 2025 पासून तोही सोडतीत गेला. वायोमिंगच्या घोषित वन्यप्रदेशात परराज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी आजही परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक सोबती लागतो, मग त्याने कोपरा कितीही कायदेशीरपणे ओलांडलेला असो. मोंटानाच्या वन्यजीव खात्याने तर निकालानंतरही कोपरा ओलांडणे बेकायदाच असल्याचे जाहीर केले, त्यामुळे तिथे रेकी करणारा आजही असा चौकोन नकाशावरून खोडतो आणि पुढच्या दरीकडे वळतो.