सीडी-४ चा आकडा आणि २०० ची रेष

एचआयव्हीच्या रुग्णाला कुठला विषाणू किती छळेल, हे बरंचसं सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये किती उरल्यात त्यावर ठरतं. नागीण ५०० असतानाही उठते; २०० च्या खाली मात्र ती पुन्हापुन्हा येते, कधी अंगभर पसरते. जेसी विषाणू मेंदू पोखरतो तो बहुतेकदा २०० च्या खाली. सायटोमेगॅलो विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निपचित असतो. डोळ्याचा पडदा तो खायला लागतो ते ५० च्या खाली. म्हणजे हा एक उतार आहे. त्यावर एकच रेष ओढली गेली, २०० ची, आणि घोळ तिथून सुरू झाला.

१९९३ मध्ये अमेरिकेने एड्सच्या व्याख्येत सीडी-४ ची २०० पेक्षा कमी संख्या किंवा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधलं त्यांचं १४ टक्क्यांपेक्षा कमी प्रमाण घातलं. ती व्याख्या रुग्णांची नोंद ठेवण्यासाठी होती. आपल्याकडे एप्रिल २००४ मध्ये महाराष्ट्रासह जास्त लागण असलेल्या राज्यांत मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) सुरू झाली तेव्हा औषधं मोजकी होती, म्हणून लक्षणं नसलेल्या रुग्णासाठी हाच आकडा दाराची कडी झाला. १९० वाल्याला गोळ्या, २१० वाल्याला 'सहा महिन्यांनी या'.

पण हा आकडा तेवढा पक्का नसतोच. जुन्या पद्धतीत तो गुणाकाराने निघतो. पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट ३० टक्के म्हणजे १८००, त्यातल्या सीडी-४ १४ टक्के: उत्तर २५२. त्याच माणसाच्या पांढऱ्या पेशी तापामुळे किंवा झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरच्या औषधामुळे ४००० वर आल्या की उत्तर १६८. टक्केवारी दोन्ही वेळा १४च. शिवाय संख्या सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त भरते, आणि रक्ताची जांभळ्या झाकणाची नळी फ्रीजमध्ये ठेवली तर मोजणीच बिघडते. साधारण ३० टक्क्यांच्या आतल्या फरकाला बदल म्हणू नये, असं जाणकार मानतात. मग २१० आणि १९० मध्ये फरक कसला? अशा रेषेवर माणसं परत पाठवणं चुकीचं होतं, आणि ती रेष उठायला फार वर्षं लागली.

उलट पुरावा लवकर आला होता. सीडी-४ ३५० च्या वर गेला की औषध थांबवायचं आणि २५० च्या खाली आला की पुन्हा द्यायचं, अशी एक मोठी चाचणी जानेवारी २००६ मध्ये आवरती घ्यावी लागली. थांबवणाऱ्यांत संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर गाठणारे) आणि मृत्यू वाढले, हृदय-मूत्रपिंडाचे त्रासही. उंबरठा पुढे ३५०, मग ५०० झाला. ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केल्याने गंभीर आजार निम्म्याहून कमी होतात, हे २०१५ मध्ये दिसलं. भारताने २०१७ मध्ये आकड्याची अटच काढली.

अट गेली, तपासणीची गरज गेली नाही. उशिरा येणारे आजही येतात. १०० च्या खालच्या रुग्णाचा पडदा, बाहुली मोठी करणारे थेंब टाकून, एआरटीआधी बघायलाच हवा. सायटोमेगॅलो विषाणू पडदा खात असला तरी डोळा लाल नसतो, दुखत नाही. समोर काळे ठिपके तरंगतात एवढंच, तेही प्रत्येकाला नाही. आजार न ओळखता एआरटी दिली तर परतणाऱ्या पेशी त्या पडद्यावर तुटून पडतात आणि सुजेने दृष्टी जाऊ शकते. आजार सापडला तर या विषाणूवरचं औषध व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २१ दिवस, पुढे रोज एकदा. आणि सीडी-४ किमान तीन ते सहा महिने १०० च्या वर टिकल्याशिवाय, नेत्रतज्ज्ञाने पडदा पाहिल्याशिवाय, ते बंद करायचं नाही.