हळदीची कॅप्सूल आणि डॉक्टरांची गोळी: हा प्रश्न आला कुठून?

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सोबत हळदीची कॅप्सूल घेतली तर चालेल का, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "नॅचरल आहे, काही होत नाही". मला या उत्तराची खरंच काळजी वाटते. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमधली सगळ्यात जुनी आणि गाजलेली वॉरफरिन, तिचं मूळच गुरांच्या चाऱ्यात आहे. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरसलेलं स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरं अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरायला लागली, पुढे विस्कॉन्सिनमध्ये बायोकेमिस्ट कार्ल पॉल लिंक यांच्या टीमने त्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य, डायकुमरॉल, शोधून काढलं, त्याच धाग्यावरून वॉरफरिन तयार झालं, १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले. म्हणजे झाडपाला वेगळा आणि औषध वेगळं असं कधी नव्हतंच.

हळदीचं म्हणाल तर तिच्यातला मुख्य घटक, करक्युमिन, १८१५ मध्येच वेगळं काढलं होतं. पण ते पोटातून नीट शोषलंच जात नाही, जे काही शोषलं जातं ते लिव्हर लगेच बदलून बाहेर टाकतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनसोबत काळ्या मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर माणसाच्या शरीरात करक्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढतं. तो आकडा आज कितीतरी बाटल्यांवर झळकतो, पण तो कसा साधला जातो हे कोणी सांगत नाही. पायपरीन आतड्यातली आणि लिव्हरमधली काही एन्झाइम्स दाबून ठेवतं, म्हणून करक्युमिन जास्त वेळ टिकतं, आणि त्यातलीच काही एन्झाइम्स आपल्या बऱ्याच औषधांचा निचरा करत असतात!

आणि हे तेव्हा अगदी नवीन होतं असंही नाही. फिटचं फेनिटॉइन, बीपीचं प्रोप्रानोलॉल, दम्याचं थिओफिलिन, यांची रक्तातली पातळी पायपरीनने वाढते हे त्याच्या आधीच माणसांवर तपासून झालेलं. पुढे तर जम्मूच्या लॅबमधल्या कामातून टीबीच्या रिफॅम्पिसिनचा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमचा डोस पायपरीनसोबत देणारी कॅप्सूल निघाली, म्हणजे डॉक्टर ज्याचा मोजून-मापून फायदा घेतात तेच आपण बीपीच्या गोळीसोबत न मोजता करून बसतो.

मग हे लेबलवर का नसतं? यात अमेरिकेतल्या १९९४ च्या कायद्याचा मोठा वाटा आहे, त्याने सप्लिमेंट विकायच्या आधी सुरक्षितता आणि परिणाम सरकारकडे सिद्ध करून मंजुरी घ्यायची गरजच ठेवली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी एक सर्व्हे छापून आला होता, पर्यायी उपचार करणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. मला वाटतं खरी गडबड इथे आहे, पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही.

डोळे उघडले ते २००० मध्ये, आणि तेही हळदीमुळे नाही. सेंट जॉन्स वॉर्ट ही उदासीसाठी घेतली जाणारी वनस्पती, झ्युरिकमध्ये हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्या दोन पेशंटनी ती घेतली आणि त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, इतकं खाली आलं की शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. त्याच महिन्यात एचआयव्हीच्या इंडिनाविरची पातळी तिच्यामुळे निम्म्याहून जास्त घसरते हेही छापून आलं. इथे उलटं होतं, ही वनस्पती एन्झाइम्स वाढवते, त्यामुळे औषध काम करायच्या आधीच शरीराबाहेर जातं.

हळदीचा नंबर नंतर लागला. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या मेडसेफने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एक केस जाहीर केली, वॉरफरिनवर छान स्थिर असलेल्या पेशंटने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, १० च्या वर गेला. साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो तो, १० म्हणजे कुठूनही रक्तस्राव होऊ शकतो. एका केसवरून सगळ्यांना असंच होईल असं म्हणता येत नाही, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांबद्दलचा पुरावाही बराचसा लॅबमधलाच आहे, पण धोका एवढा मोठा असेल तर पुराव्याची वाट बघत बसण्यात काय अर्थ? २०२२ मध्ये अमेरिकेतून हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेल्या १० केसेस आल्या, त्यातल्या ७ जणांत एक ठराविक जीन सापडला, म्हणजे कोणाला त्रास होईल हे वरून बघून कळत नाही.

जेवणातल्या हळदीला मात्र घाबरू नका. पावडरमध्ये करक्युमिन जेमतेम ३ टक्के असतं, एक्स्ट्रॅक्टवर ९५ टक्के लिहिलेलं असतं, प्रश्न त्या एक्स्ट्रॅक्टचा आणि त्यात घातलेल्या पायपरीनचा आहे. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे अशी सप्लिमेंट्स बंद करायला सांगतात. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते, कॅप्सूल बंद केली तरी डॉक्टरांना सांगायचं, कारण वॉरफरिनचा डोस ती चालू असताना ठरवलेला असेल तर बंद केल्यावर आयएनआर पुन्हा हलू शकतो आणि तो परत तपासावा लागतो.