हिपॅटायटिस-बी विषाणूतील उत्परिवर्तने आणि औषधरोध

हिपॅटायटिस-बी विषाणूचा जनुकसंच म्हणजे सु. ३,२०० बेसजोड्यांचे, अंशतः दुपदरी, वर्तुळाकार डीएनए. एवढ्याशा लांबीत पॉलिमरेज, पृष्ठप्रतिजन, गाभा व एक्स ही चार जनुके एकमेकांवर चढलेली असतात. पृष्ठजनुक तर संपूर्णपणे पॉलिमरेजच्या हद्दीत येते. त्यामुळे एका बेसचा बदल दोन प्रथिनांत उमटू शकतो. यकृतपेशीच्या केंद्रकात या डीएनएचे बंद वर्तुळ टिकून राहते. त्यावरून आरएनए तयार होतो आणि विषाणूचे पॉलिमरेज हे विकर त्यापासून पुन्हा डीएनए घडवते. या विकराला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत, आणि सक्रिय संसर्गात दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात विषाणुकण तयार होतात.

औषधाला न जुमानणारे प्रकार आधीपासूनच अल्प प्रमाणात असतात की उपचारादरम्यान नव्याने उद्भवतात, याबद्दल मतभेद आहेत. औषध कधीही न घेतलेल्या काही रुग्णांतही असे प्रकार सापडले असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र एका टक्क्याच्या आसपासच्या नोंदींत तपासणीच्याच चुका मिसळण्याची शक्यता राहते.

सर्वाधिक अभ्यास हे विकर अडवणाऱ्या लॅमिव्हुडिन या औषधाविषयी झाला आहे. विकराच्या क्रियास्थानी २०३ ते २०६ या जागांवर टायरोसिन, मेथिओनिन आणि दोन ॲस्पार्टिक अम्ले ही प्रथिनाची घटक अमिनो अम्ले असतात. २०४वरील मेथिओनिनच्या जागी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन आले (एम२०४व्ही, एम२०४आय; पहिले अक्षर मूळ अमिनो अम्लाचे, आकडा जागेचा, शेवटचे अक्षर नव्याचे) की त्यांची फांदीदार बाजूसाखळी लॅमिव्हुडिनच्या वलयाला आडवी येते. डीएनएचा नैसर्गिक घटक मात्र आत बसू शकतो. पण हा बदल फुकट मिळत नाही. विषाणूचा प्रतिकृतीचा वेग घटतो, आणि तो एल१८०एम व व्ही१७३एल या पूरक बदलांनी बराचसा भरून निघतो. एम२०४व्ही बहुधा एल१८०एमसोबतच आढळते, एम२०४आय एकटेही दिसते. एकट्या लॅमिव्हुडिनवर पाच वर्षांत सु. ७० टक्के रुग्णांत रोध येतो.

ॲडेफोव्हिर या तशाच दुसऱ्या औषधाला एन२३६टी व ए१८१टी/व्ही या बदलांमुळे रोध येतो. पैकी ए१८१टी फसवे आहे: तोच बेसबदल पृष्ठप्रथिनात १७२व्या जागी थांब्याचा संकेत निर्माण करतो, कण पेशीबाहेर पडण्यात अडथळा येतो आणि रोध असूनही रक्तातील विषाणुभार फारसा वाढत नाही. एन्टेकाव्हिर या औषधाला रोध येण्यासाठी एम२०४ व एल१८० यांच्या जोडीने १८४, २०२ किंवा २५० या जागी आणखी एक बदल लागतो. म्हणून नवीन रुग्णात पाच वर्षांत तो सु. १.२ टक्के, तर लॅमिव्हुडिनरोधी रुग्णात सु. ५० टक्के. टेनोफोव्हिर या औषधाबाबत ए१९४टी तसेच चार बदलांच्या एका संचाचे वृत्त आहे, पण दीर्घ चाचण्यांत वैद्यकीय महत्त्वाचा रोध दिसलेला नाही.

कोल्हापुरात ‘कावीळ’ हा एकच शब्द सर्व प्रकारांना वापरला जातो. इचलकरंजीतील २०१२ची साथ पाण्यातून पसरलेल्या हिपॅटायटिस-ईची होती. तिचा या विषयाशी संबंध नाही. सीपीआर (कोल्हापूरचे सरकारी रुग्णालय) किंवा खाजगी दवाखान्यात येणाऱ्या दीर्घकालीन रुग्णाची जुनी औषधचिठ्ठी पाहणे महत्त्वाचे ठरते. लॅमिव्हुडिन कधी, किती काळ, एकटे की जोडीने घेतले, हे कळल्याशिवाय एन्टेकाव्हिर निवडणे जोखमीचे आहे. एचआयव्हीच्या जुन्या उपचारांत टेनोफोव्हिरशिवाय लॅमिव्हुडिन दिले जाई, तेही विचारावे. विषाणुभार नीचांकापेक्षा दहापट वाढला तर प्रथम गोळ्या चुकल्या का ते पाहावे (एन्टेकाव्हिर जेवणानंतर व पुढील जेवणापूर्वी दोन-दोन तास अंतर ठेवून घ्यायचे असते, हे अनेकदा पाळले जात नाही), आणि महिन्याभरात चाचणी पुन्हा करावी. वाढ कायम राहिल्यास जनुकक्रम तपासावा. नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचा असल्यास ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळीत घेऊन २४ तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा व थंड ठेवावा. हेपरिनची नळी चालत नाही, कारण ते पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडवते. नेहमीच्या क्रमनिर्धारणात २० टक्क्यांखालील प्रकार निसटतात. लॅमिव्हुडिनरोध आढळल्यास टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ. रोज द्यावे. जुने औषध मधेच सोडल्यास यकृतशोथ भडकू शकतो.

औषधांशी संबंध नसलेले बदलही आहेत. डीएनएच्या १८९६व्या जागी जी या बेसऐवजी ए आल्याने (जी१८९६ए) ई-प्रतिजन (विषाणू वाढत असल्याची खूण मानले जाणारे रक्तातील प्रथिन) बनणे थांबते, पण प्रतिकृती चालूच राहते. म्हणून ई-प्रतिजन नसणे म्हणजे विषाणू शांत असणे नव्हे. पश्चिम भारतात आढळणाऱ्या ‘डी’ जनुकप्रकारात हा बदल सहज टिकतो. ‘ए’मध्ये १८५८व्या जागी सायटोसिन असल्याने आरएनएचे वेटोळे बिघडते व हा बदल विरळा दिसतो. ए१७६२टी व जी१७६४ए ही जोडी ई-प्रतिजन कमी करते, प्रतिकृती किंचित वाढवते आणि यकृत कर्करोगाशी निगडित आहे.

पृष्ठजनुकातील जी१४५आर हे उत्परिवर्तन १९९०मध्ये इटलीतील एका लस घेतलेल्या बालकात वर्णिले गेले. लसजन्य प्रतिपिंडे त्याला नीट ओळखत नाहीत, आणि काही चाचण्यांतही तो निसटतो. लॅमिव्हुडिनरोधी तिहेरी बदलामुळे (व्ही१७३एल, एल१८०एम व एम२०४व्ही एकत्र) पृष्ठप्रथिनात ई१६४डी व आय१९५एम उमटतात आणि प्रतिपिंडांची पकड तशीच सैलावते. सार्वत्रिक लसीकरणानंतरही अशा प्रकारांनी मूळ विषाणूची जागा घेतल्याचे दिसलेले नाही.