वक्तृत्व आणि नेतृत्व: घरहक्काच्या लढ्यातल्या लॅटिना मुली आणि एक चिवट गोंधळ

वक्तृत्व म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. शाळेतली स्पर्धा, ठरलेले हातवारे, वेळ संपल्याची घंटा, उत्तेजनार्थ बक्षीस. कॅलिफोर्नियातल्या भाडेकरूंच्या लढ्यात त्याचीच आवृत्ती दिसते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी नगरपरिषदेच्या सभेत माइकसमोर उभी राहते, घरी आलेल्या नोटिशीबद्दल दोन मिनिटं बोलते, टाळ्या पडतात, फोटो निघतो. पुढे संस्थेच्या अहवालात त्या फोटोखाली 'युवा नेतृत्व' असं छापून येतं. मुलगी छानच बोललेली असते. चुकलेली असते ती फोटोखालची ओळ, कारण छान बोलणं म्हणजे नेतृत्व नव्हे.

लॅटिना आणि हिस्पॅनिक हा गोंधळ त्यामानाने किरकोळ. लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेली स्त्री, हिस्पॅनिकचा संबंध स्पॅनिश भाषेशी. ब्राझीलची मुलगी पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही. कामात खरी अडचण वेगळीच येते: एखाद्या इमारतीत मिश्तेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारी कुटुंबं असतात आणि स्पॅनिश पत्रक त्यांच्या दाराखालून सरकवून सगळे निर्धास्त होतात.

आता मुख्य मुद्दा. वक्ता ओळखायचा तो ऐकणाऱ्यांवरून, आणि नेता ओळखायचा तो त्याच्या सांगण्यावरून उठून येणाऱ्यांवरून. मुलगी बैठकीला आली नाही तरी तिने जोडलेले चार शेजारी येऊन काम पुढे नेतात का, एवढंच तपासा. नेत असतील तर ती नेता आहे, मग माइकवर ती एकदाही बोललेली नसली तरी चालेल.

शेतमजुरांच्या नेत्या दोलोरेस ह्युएर्ता यांची 'सी, से पुएदे' म्हणजे 'हो, जमेल' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. ती १९७२ची, ॲरिझोनातली. त्याआधी सतरा वर्षं, म्हणजे १९५५मध्ये, पंचविशीतल्या ह्युएर्ता कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनमध्ये कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतल्या संघटनेच्या कामात आल्या आणि तिथले संघटक फ्रेड रॉस यांच्याकडून घरबैठकीचं तंत्र शिकल्या. मुलींच्या शिबिरांमध्ये घोषणेचे टी-शर्ट वाटतात. घरबैठक शिकवायला मात्र वेळ उरत नाही.

ती शिकवायची कशी? चोवीस खोल्यांची इमारत धरा. मुलीने आधी दहा-बारा घरांत एकेकटं जायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. त्यातला बहुतेक वेळ ऐकण्यात जायला हवा. पहिल्या भेटीत हातात सहीचा कागद नको, कारण कागद पुढे केला की लोक सही करून दार लावतात आणि पुन्हा भेटत नाहीत. मग एखाद्या शेजारणीच्या घरी आठ-दहा जणांची बैठक, दीड तासाच्या आत आटोपणारी. 'हो, येते' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याच येतात, हे धरून वीस जणींना बोलवायचं आणि आदल्या संध्याकाळी फोन करायचा. उठण्यापूर्वी प्रत्येकीने एक काम अंगावर घ्यायचं: गळक्या नळाचे तारखेसह फोटो, भाड्याच्या पावत्या गोळा करणं, पुढची बैठक आपल्या घरी घेणं. काम न वाटता बैठक संपली तर ती नुसती गप्पांची मैफल. शेवटी त्याच दिवशी पंधरा मिनिटं मुलीशी बोलायचं: कोण गप्प होतं, कोण तणतणत होतं, आणि उद्या कोणाकडे जायचं.

नगरपरिषदेच्या सभेतही तिचं काम उलटं असतं. नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका बहात्तर तास आधी लावावी लागते. ती वाचून कोणी कशावर बोलायचं हे तिने ठरवायचं आणि माइकवर शेजारच्या काकूंना पाठवायचं. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला, एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा नसेल तर, किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. म्हणजे दोनऐवजी चार मिनिटं. हे अध्यक्षांना नम्रपणे सुनवायलाही तिनेच शिकायचं.

पण दुभाषी तिला करू नका. हा आमचा ठाम आग्रह आहे. या मुली लहानपणापासून बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर आईवडिलांच्या वतीने बोलत आलेल्या असतात. तेच काम फुकटात करून घ्यायचं आणि त्याला नेतृत्वविकास म्हणायचं, ही निव्वळ लबाडी आहे. शिवाय त्यात धोकाही असतो. भाडं भरा नाहीतर घर सोडा अशी तीन दिवसांची नोटीस म्हणजे घर रिकामं करण्याचा हुकूम नव्हे. ते तीन दिवस शनिवार-रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या सोडून मोजायचे. कोर्टाचे समन्स हाती मिळाले की उत्तराला १ जानेवारी २०२५पासून कामकाजाचे दहा दिवस मिळतात, पूर्वी पाचच होते. जुनं पत्रक वाचून मुलीने 'पाच' सांगितलं की सहाव्या दिवशी घरचे हरलो समजून सामान बांधायला घेतात. तिने कागद त्याच दिवशी कायदेमदत देणाऱ्या भागीदार संस्थेकडे पोचवायचा, अर्थ सांगत बसायचं नाही.

फोटोचंही तसंच. कॅलिफोर्नियात घरमालकाने भाडेकरूला इमिग्रेशनवाल्यांना कळवण्याची धमकी देणं बेकायदा आहे, पण वर्तमानपत्रात आलेला चेहरा कोण पाहील यावर कायद्याचा ताबा नसतो. घरात एकाचेही कागद अपुरे असतील तर फोटोचा निर्णय सगळ्या घराने घ्यायचा, मुलीने एकटीने नाही.

राहिली संस्थांशी भागीदारी. बॉस्टनच्या साउथ एंडमध्ये १९६८मध्ये 'पार्सल १९' या भूखंडावरच्या पोर्तोरिकन रहिवाशांनी 'नो नोस मुदारेमोस' म्हणजे 'आम्ही हलणार नाही' म्हणत पुनर्विकासाला अडवलं. त्यातून विया विक्तोरिया ही वसाहत उभी राहिली. चर्च सोबत होतं, वास्तुरचनाकार जॉन शॅरट सोबत होते, पण मागणी रहिवाशांची होती. आज करारात हे लिहूनच घ्यावं लागतं: मागणी ठरवताना मत कोणाला, घरमालकाशी बोलणी करायला कोण बसणार, पत्रकारांशी कोण बोलणार, पैसे मुलींच्या हातात थेट किती. नुसतं 'सल्लागार मंडळात दोन युवती' लिहिलं असेल तर त्या दोघी खुर्च्या भरायला बोलावलेल्या आहेत.

आणि बैठकीच्या वेळी लहान मुलं सांभाळायला वेगळं माणूस पगार देऊन ठेवा. नाहीतर निर्णय होतो त्या वेळी तुमची 'युवा नेता' बाजूच्या खोलीत तीन पोरांना चित्रं रंगवायला देत बसलेली असते.