खांब सिमेंटचा, कुंपण लाकडाचं: फुगणारा फास्टनर की केमिकल अँकर?

तारेचं कुंपण गंजून गेलंय, पण सिमेंटचे खांब अजून धडधाकट उभे आहेत. मग त्याच खांबांवर लाकडी कुंपण चढवायचा विचार कुणाच्याही मनात येतो, आणि तो चांगलाच आहे. खांब उपटणं, नवे खड्डे, नवं काँक्रीट, सगळं वाचतं. आडव्या लाकडी पट्ट्या खांबांना बोल्टने पकडायच्या आणि त्यांच्यावर उभ्या फळ्या मारायच्या, एवढंच काम उरतं.

अडतं ते बोल्टपाशी. यासाठी हमखास दोन गोष्टी सुचवल्या जातात: फुगणारा अँकर फास्टनर आणि केमिकल अँकर. काम झाल्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. खांबातून बाहेर आलेला आट्यांचा गज, त्यावर वॉशर, त्यावर नट. त्यामुळे केमिकल अँकर म्हणजे त्याच फास्टनरचा जरा महाग आणि जास्त ताकदीचा भाऊ, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात दोघांची पकड दोन वेगळ्या तत्त्वांवर चालते. जाड भिंतीत हा फरक फारसा जाणवत नाही. चार इंची खांबात मात्र त्यावरच सगळं ठरतं.

फुगणाऱ्या फास्टनरच्या टोकाला शंकूसारखा भाग असतो आणि त्याभोवती चिरलेली नळी किंवा पत्र्याची पट्टी. भोकात घालून नट आवळला की गज बाहेर ओढला जातो, शंकू नळीत घुसतो आणि नळी फाकून भोकाच्या भिंतींवर दाबली जाते. पकड येते ती या दाबामुळे होणाऱ्या घर्षणातून. म्हणजे नट नीट आवळला तरच पकड, आणि आवळला की काँक्रीटवर चारी बाजूंनी बाहेरच्या दिशेने जोर. काँक्रीट दाबाला वाघ असतं, पण ताणाला अगदीच लेचंपेचं. ताण सहन करण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. फाकणारी नळी त्याला नेमकी ताणातच घालते.

केमिकल अँकरमध्ये फुगणारं काहीच नसतं. भोकात दोन घटकांचं रेझिन भरायचं, त्यात आट्यांचा गज फिरवत घालायचा आणि ते घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. रेझिन गजाच्या आट्यांत आणि भोकाच्या खडबडीत भिंतीत बसून दोघांना एकजीव करतं. नट आवळण्याआधीच पकड तयार असते आणि तोवर काँक्रीटवर बाहेरचा जोर जवळजवळ शून्य.

आता थोडं गणित, कारण माझं मत त्यावरच उभं आहे. १० मिलिमीटरचा फास्टनर ३० न्यूटन-मीटरने (पान्याने नट फिरवायच्या जोराचं हे माप) आवळला, तर गजात साधारण १५ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या आसपास ओढ तयार होते. नळी भोकाच्या भिंती फाकवते ती या ओढीच्या जोरावर. कुंपणाला खरी गरज किती? ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर हवेचा दाब दर चौरस मीटरला ४६-४७ किलो भरतो. अडीच मीटर अंतरावरचे खांब, दीड मीटर उंच आणि पूर्ण बंद कुंपण, आणि सपाट आकारासाठी दाब वीसेक टक्के वाढवून धरला, तर एका खांबाच्या वाट्याला सुमारे २१० किलो येतात. आडव्या पट्ट्या तीन असतील तर प्रत्येक जोडावर ७० किलो. वारा मागतोय ७० किलो आणि फास्टनर आपली पकड बसवायलाच दीड टन जोर लावतोय. असले खांब वाऱ्याआधी फास्टनरच फोडतो, ते यामुळे.

‘मोठा घाला, मजबूत होईल’ हा सल्ला म्हणूनच इथे उलटा पडतो. फुगणाऱ्या फास्टनरसाठी भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत निदान व्यासाच्या पाचपट अंतर ठेवावं, हा ढोबळ नियम आहे. १० मिलिमीटरला ५० मिलिमीटर. खांब १०० मिलिमीटर रुंद, म्हणजे भोक अगदी बरोबर मध्यात पडलं तरच जेमतेम बसतं. बिट सेंटीमीटरभर सरकलं, किंवा १२ मिलिमीटरचा फास्टनर घेतला, की नियम मोडला. तडा लगेच दिसेलच असंही नाही. आज केसाएवढी रेघ असते, तिच्यातून पाणी आत जातं, खांबातली लोखंडी सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि काही वर्षांनी खांबाचा कोपराच सुटून येतो.

लाकडामुळे आणखी एक घोळ होतो, आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. फास्टनर घट्ट आवळायचा तर मध्ये असलेलं लाकूडही तेवढंच दाबलं जाणार. मऊ लाकूड रेषांना आडव्या दिशेने चौरस मिलिमीटरला साधारण ३ ते ५ न्यूटनवरच दबायला लागतं. १० मिलिमीटरच्या बोल्टचा नेहमीचा गोल वॉशर धरला, तर १५ किलोन्यूटनला त्याच्याखाली चौरस मिलिमीटरला ६५ न्यूटन येतात. वॉशर लाकडात रुतत जातो आणि फास्टनर हव्या तेवढ्या ताणापर्यंत पोचतच नाही. पाच सेंटीमीटरचा चौकोनी वॉशर घेतला तरी सहाच्या वर जातं. पुढे लाकूड वाळलं, आकसलं, की उरलेला ताणही सैल होतो. म्हणजे ज्या ताणावर पकड अवलंबून, तोच लाकडाच्या भरवशावर. केमिकल अँकरला याचं काही पडलेलं नसतं. लाकूड आकसलं तर नट जरा सैल होईल, पण गज खांबात होता तिथेच राहील.

तरीही फुगणारा फास्टनरच वापरायचा असेल, तर लाकूड त्याच्या वाटेतून बाजूला काढा. आधी लोखंडी अँगल किंवा जाड पट्टी खांबावर फास्टनरने बसवायची, लोखंड आणि काँक्रीट यांच्यात तो नीट आवळायचा, आणि मग त्या अँगलला लाकडी पट्टी वेगळ्या बोल्टने जोडायची. खांब १५० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल आणि फास्टनर ८ मिलिमीटरचा असेल, तर ही पद्धत मला पूर्ण पटते. काम झटपट होतं आणि वाळायची वाट बघावी लागत नाही. १०० मिलिमीटरच्या खांबात मी फुगणारा फास्टनर वापरणार नाही.

केमिकलची अडचण अशी की त्यात घाईगडबड चालत नाही, आणि चूक झाली तर ती वरून दिसत नाही. सगळ्यात जास्त चुका भोक साफ करताना होतात. ड्रिलने भोकात जी बारीक पूड साचते तिच्यावर रेझिन चिकटलं, तर ते पुडीला चिकटलं, काँक्रीटला नाही. म्हणून फुंकणीने किंवा पंपाने हवा मारायची, तारेच्या ब्रशने आतून घासायचं, परत हवा मारायची, आणि ही फेरी पुन्हा एकदा करायची. तोंडाने फुंकू नका, पूड सरळ डोळ्यांत येते. आणि काँक्रीटची धूळ फुप्फुसांना फार वाईट, तेव्हा मास्क लावूनच.

८ मिलिमीटरच्या गजाला भोक १० मिलिमीटरचं, १० च्या गजाला १२ चं. कुंपणाला ८ चा गज पुरतो. रेझिनच्या ट्यूबमधून पहिल्यांदा येणारं रेझिन नीट मिसळलेलं नसतं, रंग एकसारखा होईपर्यंत ते बाहेर टाकायचं. मग नोझल भोकाच्या तळाशी नेऊन मागे ओढत साधारण दोन तृतीयांश भोक भरायचं. वरून भरलं तर तळाला हवा अडकते. गज फिरवत आत घालताना थोडं रेझिन बाहेर आलं की समजायचं, भोक पूर्ण भरलं. त्याचा आणखी एक फायदा होतो: पाणी शिरायला फट उरत नाही. फुगणाऱ्या फास्टनरच्या नळीभोवती ती उरतेच.

थांबायचं किती, हे रेझिनवर आणि हवेवर ठरतं. २० अंशांच्या आसपास पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टर जातीचं रेझिन तासाभरात भार घेण्याजोगं होतं. इपॉक्सीला कित्येक तास लागतात. थंडीत दोन्हींचा वेळ खूप वाढतो. ट्यूबवर तापमानाप्रमाणे तक्ता छापलेला असतो, तो वाचूनच नटाला हात लावायचा. आणि नट आवळताना हात हलका, ८ मिलिमीटरला १० न्यूटन-मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी.

खोलीचंही भान हवं. छापील तक्त्यात ८ च्या गजाला ८० मिलिमीटर खोली दिसते. १०० मिलिमीटरच्या खांबात तेवढं भोक पाडलं की मागे २० मिलिमीटर उरतात, आणि हॅमर ड्रिलच्या ठोक्याने तेवढा पापुद्रा मागून उडू शकतो. ७० किलोसाठी ६० मिलिमीटर पुष्कळ झालं. बिटला ६० वर चिकटपट्टीची खूण करा, सुरुवात ठोका बंद ठेवून करा. भोक रुंदीच्या मध्यावर घ्या, कारण उभ्या सळया कोपऱ्यांत असतात. त्या सळयांना बांधणारी आडवी रिंग मात्र कुठेही लागू शकते. बिट अडलं, आवाज बदलला, की जोर लावू नका, पाचेक सेंटीमीटर वर किंवा खाली नवं भोक घ्या. ताणलेल्या तारा घालून ओतलेले खांब असतील तर ड्रिल न केलेलंच बरं, त्यातली एखादी तार तुटली तरी खांबाची ताकद कमी होते.

काही खांबांसाठी दोन्ही पर्याय बाद. कोपऱ्यांवर उभ्या तड्या, गंजाचे तांबूस ओघळ, हातोडीने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज, असं काही असेल तर भोक पाडू नका. खांबाला वेढणारा यू-बोल्ट किंवा दोन पट्ट्यांचा क्लॅम्प लावा. खांब चांगला आहे आणि मागच्या बाजूला हात पोचतो, तर आरपार भोक पाडून ८ मिलिमीटरचा लांब बोल्ट आणि मागे रुंद प्लेट हा जुना उपाय मला केमिकलइतकाच आवडतो. तो फुगत नाही आणि वाळायची वाट बघायला लावत नाही. बाजूंना खाच असलेले खांब मिळाले असतील तर प्रश्नच मिटला, फळ्या खाचेतून सरकवायच्या.

हे सगळं करण्याआधी खांब डोक्याशी धरून जोरात हलवून बघा. तारेतून वारा आरपार जात होता, बंद लाकडी कुंपण त्याला अडवणार. मघाचे २१० किलो जोडांवर वाटले जातात, पण खांबाच्या बुडाशी ते सगळे एकत्र येतात, तेही पाऊण मीटरच्या तरफेने. बूड हलत असेल तर वरचा कुठलाच अँकर उपयोगाचा नाही. फळ्यांत दोन-तीन सेंटीमीटरच्या फटी ठेवल्या की भार बराच हलका होतो.

गज, नट, वॉशर गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. तांब्याचं औषध पाजलेलं लाकूड साध्या लोखंडाला आणि पातळ मुलाम्याला खातं. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टेनलेस. लाकडी पट्टी काँक्रीटला टेकवू नका, मध्ये प्लास्टिकचा किंवा स्टेनलेसचा वॉशर घालून सेंटीमीटरभर फट ठेवा, म्हणजे मागे ओल साचून लाकूड कुजणार नाही. पट्टीतलं भोक गजापेक्षा दोन मिलिमीटर मोठं ठेवा, लाकडाला हलायला जागा लागते. पहिला कोरडा हंगाम सरला की सगळे नट एकदा तपासा. केमिकल अँकरवरचे सैल निघाले तर नुसते लाकडाला टेकेपर्यंत फिरवायचे. थेट लाकडातून बसवलेला फुगणारा फास्टनर सैल निघाला, तर मात्र नट फिरवण्याआधी खांबावर नवी रेघ उमटली आहे का, ते बघा.