अर्धशिशीचा माग : मानेच्या शिरेतलं पेप्टाइड

सांगली-मिरजेकडे घरातली बाई डोक्याला फडकं आवळून अंधाऱ्या खोलीत पडली, की पहिला अंदाज ठरलेला: पित्त झालंय. उलटी झाल्यावर बऱ्याचदा डोकं उतरतं, त्यामुळे संशय पक्का होतो. सुंठीचा लेप लागतो, पहाटे दूध-जिलेबी होते. मिरजेला जाऊन स्कॅन काढला तरी तो स्वच्छ येतो आणि मग 'काही नाही, मनावर घेऊ नका' एवढंच हाती लागतं. मायग्रेन, म्हणजेच अर्धशिशी, स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळतो. इतक्या जणींचं दुखणं खोटं ठरतं, याची मला चीड आहे.

1938 मध्ये ग्रॅहम आणि वुल्फ या संशोधकांनी दाखवलं, की अर्गोटामिन हे रक्तवाहिन्या आवळणारं औषध दिल्यावर कानशिलाच्या धमनीचं उडणं मंदावतं आणि ठणकाही कमी होतो. त्यानंतर कित्येक दशकं दोष रक्तवाहिन्यांवरच राहिला. 1979 मध्ये मॉस्कोविट्झ या संशोधकाने चेहरा आणि मेंदूच्या आवरणाकडे जाणाऱ्या ट्रायजेमिनल नसेकडे बोट दाखवलं. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या जनुकाचा अभ्यास चालू असताना, 37 अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, हाती आलं: सीजीआरपी (कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड). ते या नसेच्या तंतूंत भरपूर असतं आणि रक्तवाहिन्या जोरात फुलवतं.

निर्णायक काम 1990 चं. गोड्सबी आणि एडविन्सन यांनी डोकं दुखत असतानाच रुग्णांचं रक्त घेतलं, एकदा मानेच्या बाह्य शिरेतून आणि एकदा कोपरातून. मानेतल्या रक्तात सीजीआरपी स्पष्ट वाढलेलं होतं. कोपरातल्या रक्तात ते वाढलेलं नव्हतं. सबस्टन्स-पी, व्हीआयपी आणि न्यूरोपेप्टाइड-वाय ही नसांमधली इतर पेप्टाइडंही मोजली होती, ती जागची हलली नव्हती. डोक्याकडून परतणाऱ्या रक्तात खूण होती आणि हातापर्यंत येईतो ती विरून जात होती. नेहमीच्या रक्ततपासणीत मायग्रेन का दिसत नाही, याचं एक कारण इथे सापडतं. 1993 मध्ये सुमाट्रिप्टान या मायग्रेनवरच्या औषधाने दुखणं थांबलं तेव्हा हे प्रमाणही खाली आलं.

पण वाढलेलं पेप्टाइड दुखण्याचं कारण की नुसता परिणाम? 2002 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी मायग्रेनच्या रुग्णांना शिरेतून सीजीआरपी दिलं आणि अनेकांना काही तासांत मायग्रेनसारखाच झटका आला. 2005 च्या एका डॅनिश अभ्यासात मात्र मानेच्या रक्तात वाढ दिसली नाही. रक्तातल्या मोजमापाचा वाद त्यामुळे राहिला, पण औषधांनी बाजू भक्कम केली. सीजीआरपीला अडवणारं सुरुवातीचं औषध, टेल्कागेपंट, यकृताच्या त्रासामुळे सोडावं लागलं. 2018 मध्ये अमेरिकेत एरेनुमॅबला मंजुरी मिळाली. सीजीआरपी पेशीवर जिथे चिकटतं त्या ग्राहीला (रिसेप्टरला) अडवणारं हे इंजेक्शन महिन्यातून एकदा घ्यायचं असतं. ते सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणून आता पीएकॅप या दुसऱ्या पेप्टाइडवर काम चालू आहे. 2023 मध्ये त्याविरुद्धच्या प्रतिपिंडाने (अँटिबॉडीने) एका चाचणीत मायग्रेनचे दिवस कमी झालेले दिसले.