काळ्या रानावर कर्सर का हरवतो?

ऑनलाइन अर्ज भरताना खिडकी गोठते, माऊसचा बाण मात्र सरसर फिरत राहतो, आणि "बाण हलतोय ना, म्हणजे मशीन चालू आहे, थांबा जरा" असा दिलासा नांदेडपासून धाराशिवपर्यंत कोणत्याही सेवा केंद्रात मिळतो. यात तथ्य अर्धेच आहे. बहुतेक संगणकांत बाण पडद्यावरील मुख्य चित्रात रंगवलेलाच नसतो; ग्राफिक्स चिप त्याचे चित्र वेगळे ठेवते आणि मॉनिटरकडे दृश्य पाठवताना ऐन वेळी वर चढवते. बाण हलतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम जागी आहे एवढेच कळते. अर्ज पुढे सरकतो आहे की नाही, हे कळत नाही.

विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी स्वतःचा कर्सर, म्हणजे या बाणाच्या जागी दिसणारे चित्र, करताना हाच वेगळेपणा आडवा येतो, कारण आपण चित्र फक्त सिस्टीमच्या हवाली करतो आणि ती ते आपल्या नियमांनी दाखवते. उपग्रहचित्रावर शेताचे बांध आखणारा प्रोग्रॅम घ्या. परभणीकडचे नांगरलेले काळे रान चित्रात जवळजवळ काळेच दिसते. त्यावर अधिकचिन्हाच्या आकाराचा काळा कर्सर हरवतो, आणि तो पांढरा करावा तर गोठ्याच्या चकाकत्या पत्र्यावर हरवतो.

यावर विंडोजमधील जुनी युक्ती मला आजही विलक्षण देखणी वाटते. तिथे कर्सरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी दोन बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे दोन आकडे, ठेवतात: खालच्या रंगावर पहिल्या बिटाची 'अँड' क्रिया होते (0 असल्यास रंग पुसून काळा, 1 असल्यास तसाच) आणि आलेल्या उत्तरावर दुसऱ्याची 'एक्सॉर' (0 असल्यास तसेच, 1 असल्यास उलटे). दोन्ही बिट 0 असल्यास ठिपका काळा, 0 व 1 असल्यास पांढरा, 1 व 0 असल्यास पारदर्शक. आणि दोन्ही 1 असल्यास खालचा रंगच उलटा होतो, म्हणजे उजळपणाच्या 0 ते 255 या मापात 30 असलेला गडद ठिपका 225 होऊन उजळतो. तीच क्रिया पुन्हा केली की 225 चे परत 30 होतात. मात्र मुरमाड माळासारख्या मध्यम करड्या रंगावर, म्हणजे 127 वर, उलटा रंग येतो 128, आणि हा फरक कोणत्याही डोळ्याला दिसत नाही.

शिवाय ही सोय सगळीकडे मिळेलच असे नाही. एसडीएल या लोकप्रिय लायब्ररीचे (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचाचे) दस्तऐवज अशा ठिपक्याबाबत स्पष्टच सांगतात की शक्य असेल तर उलटा रंग, नाही तर काळा. म्हणजे आपण पुन्हा काळ्या रानात. त्यामुळे काळ्या रेषेला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार द्यावी, हा साधा उपाय तिन्ही सिस्टीमवर खात्रीचा ठरतो.

खास 'गेमिंग कर्सर' उतरवून घेतल्याने नेम सुधारतो, ही जाहिरात निव्वळ थाप आहे. माऊस किती सरकला हे त्याचा सेन्सर ठरवतो, बाणाचे चित्र नव्हे.

कर्सरच्या चित्राचा नेमका कोणता ठिपका 'टोक', म्हणजे क्लिक जिथे पडते ती जागा, मानायचा, हे मात्र आपल्यालाच सांगावे लागते. 32 गुणिले 32 ठिपक्यांच्या चौकटीत मधोमध ठिपकाच नसतो, कारण 32 ही सम संख्या आहे. म्हणून अधिकचिन्ह 31 ठिपक्यांचे काढून, मोजणी 0 पासून धरून, टोक 15, 15 वर ठेवावे. दुप्पट घनतेच्या पडद्यासाठी जुने चित्र ताणू नये, 63 ठिपक्यांचे नवे काढून टोक 31, 31 असे द्यावे. नाही तर रेष बांधावर दिसते आणि क्लिक शेजाऱ्याच्या शेतात पडते.